तेरावं काडतूस

लटारूभाऊ खोब्रागडे कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. शिपाई गस्तीवरून आला, "रिकामी आहे भाऊ" म्हणत रायफल पुढं केली, की ते विचारत, "तुह्या तोंडानं रिकामी आहे, का माह्या बोटानं?" आणि काडतूस बसायच्या जागी करंगळी घालून बघत. आम्ही हसायचो. घरी बायकोनं, केसरबाईंनी डबा दिला तरी भाऊ आधी बोट घालून बघतात, असं मीच पोलीस लाइनीत पसरवलं होतं.

अहेरीकडच्या एका ठाण्यातली ही गोष्ट. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण त्यात माझीच लाज आहे. लटारूभाऊ हत्यारांच्या खोलीचे, म्हणजे कोतचे हवालदार. मूळचे राजुऱ्याकडचे, बौद्ध घरातले. मी, नथ्थू, त्याच ठाण्यात लिखापढीचा हवालदार.

चौऱ्याऐंशी साली साहेबांसाठी नवं पिस्तूल आलं. लटारूभाऊंचा जन्म रायफलीत गेलेला. तरी आठवड्याभरात ते पिस्तूल बाई शेंगा सोलते तसं सोडवायला लागले. आधी मॅगझिन काढायचं. मग वरची स्लाइड मागं ओढून आत करंगळी. ती रिकामी बाहेर आली की मगच खटका, मगच स्लाइड, मगच स्प्रिंग आणि नळी. जुन्या धोतराच्या फडक्यावर सगळे भाग ओळीनं मांडायचे, चिंधीनं पुसायचे, तेलाचा थेंब द्यायचा, आणि त्याच ओळीनं परत जोडायचे. जोडताना भाग मोठ्यानं मोजत. मधेच कोणी बोललं तर सगळं पुन्हा सोडवत, म्हणून आम्ही मुद्दाम बोलायचो.

दसऱ्याला ठाण्यात हत्यारांची पूजा. भाऊंच्या घरी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस, त्यामुळे ते पूजेत नसत. आदल्या दिवशी सगळ्या बंदुका बोट घालून, पुसून बाहेर द्यायच्या आणि आपण कोतच्या दारात खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा नेम.

त्या वर्षी साहेब जंगलातून आले तेच दसऱ्याच्या सकाळी. त्या पिस्तुलापायी पूजा खोळंबलेली. साहेबांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि आंघोळीला गेले. ते कोतमध्ये न्यायला हवं होतं. चाळीस पावलं. मी नेलं नाही. घाई होती हे खरंच. पण आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू? पाटावर जायच्या वस्तूला आज भाऊंचा हात कशाला, असंही मनात आलं होतं. माझ्या आईनं शिकवलेलं, मी कधी तपासून न पाहिलेलं.

मीच मॅगझिन काढलं. मीच त्यातली काडतुसं काढून ताटलीत फुलासारखी गोल मांडली. मॅगझिनविना पिस्तूल बोडकं दिसायला लागलं म्हणून रिकामं परत बसवलं, तेल लावून वरून घासूनपुसून लखलखीत केलं आणि पाटावर ठेवलं. तोंड दाराकडं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही, अशी आमची रीत.

मग लाइनीतल्या बाया लेकरं घेऊन दर्शनाला आल्या. माझी बायको गिरजाही आली, चार वर्षांच्या कमळाला घेऊन. कमळाच्या मुठीत झेंडूचं फूल. गिरजा पाटासमोर गुडघे टेकून बसली, पोरगी पाटाच्या बाजूला वाकली.

तेवढ्यात लटारूभाऊ दारात आले. पाण्याला उठले असतील. त्यांची नजर ताटलीवर गेली आणि ओठ हलताना मला दिसले. मोजत होते.

"नथ्थू, साहेबाले मी तेरा देल्ले होते. इथी बाराच दिसून राह्यले."

"असंन कुठी एखादं, भाऊ. उद्या पाहू."

"पाटावर ठेवाच्या आंधी कोणं पाहलं?"

जमादार सोमाजी पुढं झाले. "लटारू, पूजा झाली आहे. आज हात नको लावू."

कमळानं फूल पिस्तुलाच्या घोड्यावरच टेकवलं होतं. ते घसरलं म्हणून ती बोटानं आत खोचत होती.

भाऊ चप्पल घालूनच आत शिरले, एका हातानं पोरीला मागं सारलं, दुसऱ्यानं पिस्तूल उचलून मातीच्या भिंतीकडं तोंड केलं. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली.

तेरावं काडतूस फरशीवर पडलं आणि गडगडत गिरजाच्या लुगड्यापाशी थांबलं.

जंगलात साहेबांनी ते नळीत चढवलं होतं. गोळी सुटू नये म्हणून सेफ्टीचा खटका लावलेला होता, तो माझ्या घासण्यात सुटला होता. काळ आला होता, वेळ आली नव्हती, असं लोक म्हणतात. मी भिंतीला धरून खाली बसलो. साहेब ओल्या केसांनी दारात उभे होते. ते "माझी चूक, खोब्रागडे" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "नाई साहेब, माही." सोमाजींनी स्वतः पाटावरचं ताट बाजूला केलं आणि भाऊंना जागा करून दिली.

भाऊंनी आत करंगळी घातली. बाहेर आली ती कुंकवानं लाल, पण रिकामी. मग तिथेच, पाटाशेजारी, त्यांनी पिस्तूल सोडवलं. आज मधे कोणी बोललं नाही.

कमळा मात्र रडत होती. तिला वाटलं, आपल्याला रागावले.

"काऊन रडतं वं? ये इकडं," भाऊ म्हणाले. फडक्यावर नळी, स्प्रिंग, स्लाइड सगळं सुटं पडलं होतं. "ठेव आता तुहं फूल. आता ठेव कुठीबी."

तिनं फूल नळीवर ठेवलं आणि माझ्याकडं बघून हसली. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला, आणि सगळ्यांदेखत मी हुंदके देऊन रडलो. भाऊंचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी माझा खांदा धरून उठवलं. "पाय नोको धरू. पुढच्या खेपेले चाळीस पावलं चाल."

लाइनीतलं आमचं घर जवळच. कमळा "खाली सोड, खाली सोड" म्हणून लाथा मारत होती. मी तिला घरापर्यंत खाली सोडलं नाही.