प्रतिपक्षाची कोरी बाजू

आज सकाळी टेबलावरच्या मसुद्याकडे पाहून मी अस्वस्थ झालो. कागदाची उजवी बाजू कोरी होती.

वकिली सुटली तरी कागद उभा दुमडण्याची पद्धत सुटलेली नाही. डावीकडे आपले म्हणणे लिहायचे आणि उजवीकडे प्रतिपक्षाचे संभाव्य उत्तर. त्या उत्तरानेच अनेकदा मला माझी चूक दाखवली आहे. या वेळी वाचनालयाची जागा दुकानांना देण्याविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिताना मी कायद्याचा शोध एआयकडे सोपवला. त्याने क्षणात कलमे आणि युक्तिवाद मांडले. कलमे मी पडताळली, डावी बाजू भरली आणि उठलो.

पत्नीने मसुदा वाचला. “एरवी तुमचं पत्र म्हणजे दोन दिवस घरात कुणाला बोलायची सोय नसते,” ती म्हणाली. “हे चहा होईपर्यंत कसं झालं हो?”

मला संताप आला, तो स्वतःचा. यंत्र खोटे बोलले असते, तर उलटतपासणीत मी त्याला सोडले नसते. त्याने माझेच मत माझ्याहून नेटके करून दिले, आणि मी एकही प्रश्न न विचारता ते दाखल करून घेतले. शंका घेण्याची सवय अशी बिनबोभाट जाऊ लागली, तर फिर्याद कुणाविरुद्ध करायची?

दुपारी मसुदा पुन्हा पुढे ओढला. अखेर नगरपालिकेचा वकील होऊन उजवीकडे एक प्रश्न लिहिला: ‘अर्जदार स्वतः या वाचनालयात शेवटचे कधी गेले होते?’

मला तारीख आठवेना.