हिसाएने काढलेला चेहरा

चिझुरू अजूनही मास्क काढत नाही, हे हिसाएच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. लेक एकतीस वर्षांची. दूर हाकोदातेला मासळीच्या कारखान्यात कामाला. तिथे सगळेच तोंड झाकतात. पण नवीन वर्षाला जावई हसत म्हणाला, "आई, लग्नाच्या फोटोपुरता काढला होता हिनं, तोही मोठ्या मिनतवारीनं!" सगळे हसले. हिसाए मात्र रिकाम्या ताटल्या उचलायला उठली.

हिसाए माएबाशीत कुरोइवा सरांकडे चोवीस वर्षं कामाला. सर भयकथांची चित्रमालिका काढत. पानावर ते पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवायचे. फुली असेल ती जागा हिसाएनं शाईनं काळी करायची. बायकांचे केस भरण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नसे. सासू शेजारणीला सांगायची, "भुतांच्या वेण्या घालून पोट भरते आमची सून!"

सरांच्या चित्रमालिकेची नायिका सायो तिथेच जन्मली. पुरुष तिच्यापायी वेडे व्हायचे, तिचा जीव घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात तिच्या एकेका केसातून नवी सायो उभी राहायची. चेहरे सर स्वतः काढत. पण पहिल्याच भागाच्या वेळी ते तापानं फणफणले होते आणि पानं न्यायला आलेला मासिकाचा माणूस दारात ताटकळत होता.

"हिसाएबाई, काढा कुठलाही चेहरा!" सर अंथरुणातूनच म्हणाले.

कुठलाही म्हणजे कुठला? हात आपोआप चालला. रुंद कपाळ, मधेच तुटलेली डावी भुवई. सतरा वर्षांची चिझुरू.

वाचकांनी सायोला डोक्यावर घेतलं. मग चेहरा बदलायचं नाव कोण काढणार? शाळेत एका पोरानं कात्रीनं चिझुरूची बट कापली आणि कुंडीत पुरली. "बघू, दुसरी उगवते का!"

चिझुरू घरी आली ती मासिक आपटतच. "आई, ही मी आहे ना?"

"छे गं! सरांच्या डोक्यातली आहे ती. तुझं आपलं काहीतरीच."

त्या वर्षी चिझुरूनं केस कापले, भुवईवर झुलपं ओढली, आणि पुढे मास्क आला.

आज दुपारी संपादकांचा फोन आला. "सायोला परत आणतोय! ती थोडीच मरते? सरांचा हात थरथरतो, चेहरा तुम्हीच काढा. आठवतो ना?"

"बघते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि कागद ओढला. चार रेघांत सायो उतरली, तशीच, सतरा वर्षांची. हिसाएनं पेन खाली ठेवलं. आजची चिझुरू काढायला बसले तर? ओठांच्या कडेला रेघा आल्या असतील का? हनुवटी भरली असेल? तिला सांगता येईना. लग्नाचा तो एक फोटो सोडला, तर स्वतःच्या पोरीचं आजचं तोंड तिला ठाऊक नव्हतं.

संपादक थांबतील. त्यांना नाही म्हणायला एक वाक्य पुरे. पण चौदा वर्षांपूर्वीच्या त्या "छे गं"ला किती वाक्यं लागतील, कोण जाणे. चिझुरू फोन आपटेल, कदाचित बोलणंच टाकेल. टाकू दे. खोटं पाडलं होतं ते पोरीच्या डोळ्यांना, आणि पाडलं होतं आईनं.

कारखान्याची सुट्टी पाचला होते. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हिसाएनं शाईचे हात पुसले आणि हाकोदातेचा नंबर लावायला घेतला.