साडीतला करंट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्हाला माझं तोंड दिसत नाही म्हणून. भित्र्या माणसाला तेवढं पुरतं.

मी झाशीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. शिकवतो कसला — जुनी टिपणं वाचून दाखवतो आणि नाकाने कांदे सोलतो. कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात, हे फळ्यावर लिहीत आलो. कधी मोजून पाहिलं? छे!

मोजलं माझ्या बायकोनं, सुनीतानं. साधी बी.एस्सी., घरी शिकवण्या घेणारी. रेल्वेलाइनजवळच्या नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत तिनं मांडलं सगळं. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यावरच्या मासेमारांकडून जाळ्याला बांधायचं शिसं आणून गोळे ओतले. दोन छोटे गोळे एका दांडीच्या टोकांना, दांडी बारीक तारेवर टांगलेली, तिला आरसा. वारा लागू नये म्हणून हे माशांच्या रिकाम्या काचेच्या टाकीत. बाहेरून मोठे गोळे जवळ आणले की दांडी किंचित वळायची आणि आरशावरून भिंतीवर पडलेला लेझरचा लाल ठिपका हळूहळू सरकायचा. मालगाडी गेली की ठिपका थरथरायचा. मग तो शांत होईपर्यंत ही बाई तशीच बसून राहायची.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाची कमिटी ते पाहायला येणार होती. पटलं तर मंडळाच्या खोलीत मुलांसाठी तिचा विज्ञानाचा वर्ग सुरू होणार होता. तिला एवढंच हवं होतं हो!

आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. नवरा प्रोफेसर, आणि लोक बघणार बायकोचं?

आदल्या दुपारी ती बाजारात गेली तेव्हा मी चोरासारखा त्या खोलीत शिरलो. चूक शोधायला. विजेच्या भारानं दांडी हलत असेल म्हणून सगळं तारेनं जमिनीला जोडलं. मोठे गोळे उलट्या बाजूला ठेवले, वाट पाहिली. ठिपका उलट सरकला. म्हणजे खरं होतं — शिसं शिशाला ओढत होतं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली, चहा झाला, ठिपका सरकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले — प्रोफेसरसाहेब काय म्हणतात? मी हसलो. म्हणालो, हा तिच्या नायलॉनच्या साडीतला करंट आहे, बाकी काही नाही. भाद्रपदाच्या दमट हवेत साडीत कसला आलाय करंट? शाळकरी पोरानंही मला पकडलं असतं. पण त्या नंदीबैलांनी माना डोलावल्या. एकजण तर खिदळला, “वा भाभीजी, आप तो बिजलीघर निकलीं!” कमिटीवर कसला राग धरू? ती माणसं अडाणी होती. मी नव्हतो.

मंडळी गेली. वर्गाचा विषय कुणी काढलाच नाही. कपबशा गोळा करता करता सुनीता म्हणाली, “चुकलंच माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझ्यापायी तुमची शोभा झाली.” मग आत जाऊन तिनं स्वतःच्या हातानं दांडी टांगलेली तार कापली.

आणि मी? मी मोठ्या मनानं तिला माफ केलं.