कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

तिगावचा सुमेध पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळाचे वॉल्व्ह खोलते, अन् उरलेल्या वेळात गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बदलते. एकावर हात बसला नाही तोच दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून राहिला. माइक आणि लॅपटॉपच्या मधात आवाज आत घ्यायचा एक डब्बा लागते. तोही त्यानं दोनदा बदलला. जेवतानाही एका कानात हेडफोन.

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्याच्या बायकोचं, शीतलचं गाणं वाजवायचं ठरत होतं. शब्द सुमेधचे, गळा तिचा. सौंसरच्या मंडळाचा मंगेश फोनवर म्हणाला, "रविवारपर्यंत गाणं दे गड्या, नाही तं नागपूरची पार्टी पक्की समज."

पहिले दोन कडवे डिसेंबरातच झाले होते. तवा मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. त्यातच खड्डा करून शीतल बसली अन् गायली. आवाज असा आला, जशी कानाजवळ बसून सांगून राहिली. सुमेध गावभर म्हणे, "माइक पाहा माइक!"

तिसरं कडवं मार्चात घेतलं, त्याच खोलीत, त्याच माइकवर. आवाज विहिरीतून आल्यासारखा! सुमेधनं सॉफ्टवेअर काढलं, जुनं टाकलं, वायर बदलली, लॅपटॉपचा पंखा पुसला. शनिवार उजाडला तरी विहीर काही बुजेना.

"माइकच गेला. नागपूरले जाऊन नवा आणतो."

"अन् माझा गळाबी तिथूनच आणता का?" शीतल म्हणाली. "इकडे या. टाळी वाजवा."

त्यानं वाजवली. भिंतीवरून टाळी परत आली.

"कापूस असता तं आली असती का वो?"

कापूस पंधरा दिवसांमागंच मंडीत गेला होता. सुमेधनं कानातला हेडफोन काढला.

गोधड्या टांगून पाहिल्या, जमलं नाही. गावात कापूस उरला होता फक्त भैय्याजीकडं.

"काका, तासभर तुमच्या कापसात बसू द्या ना."

"बसून काय करता बे? अंडे घालता का?"

"गाणं घ्यायचं हाय."

"घे. पण टेम्पो येऊन राहिला. हमाल आले का मी थांबत नाही."

पाय धुऊन, माइक-लॅपटॉप घेऊन दोघं कापसावर चढले. शीतल गायली. आवाज बसला, डिसेंबरासारखाच.

"अजून एकदा घेऊ. शेवटच्या ओळीत श्वास ऐकू येते."

"माणूस गाईन तं श्वास घेईनच ना! पाठवा."

बाहेर टेम्पो लागला. सुमेधनं पहिल्या दोन कडव्यांना तिसरं जोडलं अन् तिथूनच गाणं पाठवलं. मंगेशचं उत्तर आलं, "पक्कं. हेच वाजवू."

शीतल उतरून गेली. सुमेध तिथंच बसून लिहू लागला, "थांब, याच्याहून चांगलं पाठवतो."

"भाऊ, उठा," हमाल म्हणाला, "तुमच्या खालचा कापूस भरायचा हाय."