शांती केलेलं घर
कापराचा वास आला की मला शेलूबाजारजवळच्या खेड्यातलं ते टिनाचं घर पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. वाशीमच्या बसस्थानकामागच्या गोंगाटाला वैतागून मी ते बघायला गेले होते. सारवलेलं अंगण, दारात कडुनिंब, किंमतही माझ्या ऐपतीतली. फक्त आत कापराचा वास दाटलेला. “घर शांत आहे ना?” मी मालकिणीला विचारलं. “हो ताई, मागच्याच महिन्यात शांती केली. तवापासून आवाज नाही.” “कोणाचा आवाज?” तिने चुलीमागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “माह्या सासूचा. मरून दोन वर्ष झाले, तरी माह्या भाजीले नावं ठेवून राह्यली होती!” तरीही घर मी घेतलं. पण अजूनही भाजी अळणी झाली की मी आधी त्या कोपऱ्याकडे बघते.