स्पेनच्या डोंगरात संदीप भेटला तो रविवार

युरोप हिवाळ्यात स्वस्त पडतो. विमानाचं तिकीट, खोल्या, सगळंच उतरतं. गर्दी नसते, ऊन कोवळं असतं आणि दक्षिण स्पेनमधली थंडी बाकीच्या युरोपपेक्षा बरीच कमी असते. हे सगळं मी वाचलं होतं आणि ते सगळं खरं निघालं. तरीही ही सहल हिवाळ्यात केली याची मला आजही हळहळ वाटते. का, ते पुढे येईलच.

मी वाशीमला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझी मोठी बहीण सुनंदाताई इंझोरीला दिलेली, घरी शेती. आमचा धाकटा भाऊ संदीप सहा वर्षांपूर्वी कामासाठी बाहेर पडला आणि फिरत फिरत स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचला. तिथे प्लास्टिकच्या छताखाली काकडी आणि छोटे टोमॅटो पिकवतात, त्या शेतांत तो काम करतो. राहण्याचा परवाना त्याला अजून मिळालेला नाही. देश सोडला तर परत शिरता येणार नाही, म्हणून तो घरी येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची माय गेली. तेव्हा केनवडच्या आमच्या माहेरच्या घरातून ताईच्या पोरीने व्हिडिओ लावून फोन धरला होता आणि संदीपने तेवढंच पाहिलं.

त्यानंतर एकदा ताई मला म्हणाली, "तो येऊ शकत नाही त आपण जाऊ. तू त फिरतच असतं, मलेबी ने."

ताईचा पासपोर्ट काढण्यापासून सगळं नव्याने करावं लागलं. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, "बाई, स्पेनले कायले जाता?" ताई म्हणाली, "पाहाले." तो हसला आणि सही घेऊन गेला. सोयाबीन घरात आलं होतं, हरभऱ्याला पाणी द्यायला भाऊजी होते, मला जानेवारीत रजा मिळत होती आणि तिकीट स्वस्त होतं. संदीपला विचारलं तर तो म्हणाला, "या न बाप्पा, कवाबी या. सुट्टीचं पाहून घेईन मी."

वाशीमहून अकोला, अकोल्याहून मुंबई, तिथून विमान बदलून माद्रिद. पाठीवर एकेक पिशवी. ताईने तिच्या पिशवीत जवसाची चटणी, मुगाच्या वड्या, तिळाचे लाडू आणि ज्वारीचं पीठ भरलं होतं. लोकरीचे कपडे मावावेत म्हणून मी पीठ काढायला लावलं, ते तिने विमानतळावर पुन्हा माझ्या पिशवीत टाकलेलं निघालं.

माद्रिदला एक मुक्काम करून आम्ही बसने ग्रानादाला गेलो. पाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं, ओळीच्या ओळी, डोंगर संपेपर्यंत. ताई बराच वेळ ओळी बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या झाडाले तोडणी कोण करत असंन?"

ग्रानादात राहायला सोपं आहे. जुन्या वस्तीतल्या वसतिगृहात वीस युरोच्या आसपास खाट मिळते. इथली मजेदार पद्धत म्हणजे काहीही प्यायला मागवलं की सोबत छोटी बशी फुकट येते. आम्ही लिंबाचं सरबत मागवायचो आणि "मांस नको" हे स्पॅनिशमध्ये आधीच सांगायचो, नाहीतर बशीत डुकराचं मांस ठरलेलं. ऑलिव्ह, बटाटे, चीज, कधी भाजलेली मिरची. दोन ठिकाणी बसलं की जेवण झालं. टेकडीवरच्या जुन्या अरबी राजवाड्याची तिकिटं मात्र हिवाळ्यातही आधी काढा. ताईला तिथल्या कोरीव छतापेक्षा अंगणांतून खेळवलेलं पाणी आवडलं. राजवाड्याच्या मागे बर्फाचा डोंगर उभा होता, इतका जवळ की खरा वाटेना.

त्याच संध्याकाळी संदीपचा फोन आला. ठरलेलं असं होतं की तो डोंगरातल्या गावात आमच्यासोबत पाच दिवस राहणार.

"ताई, सुट्टी भेटून नाही राह्यली," तो म्हणाला. "रविवारचा एक दिवस येतो."

"एकच दिवस? काहून?"

"हा सीझनच हाय न आमचा. थंडीत सगळ्या युरोपले भाजी अठूनच जाते. आता कोणालेच सुट्टी नाही."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी आल्याच नसत्या. म्हटलं, मालकाले मनवून घेऊ. नाही मानला."

ताईने फोन माझ्याकडे दिला. मी तारखा बदलता येतात का पाहिलं. परतीचं तिकीट बदलत नव्हतं, व्हिसाही तेवढ्याच दिवसांचा होता. उन्हाळ्यात ते प्लास्टिकचे शेड रिकामे असतात, तेव्हा तो आठवडेच्या आठवडे मोकळा असतो, हे मला त्या फोनवर कळलं. मी महिनोन्महिने तिकिटांचे भाव पाहत होते. त्याच्या कामाचा हंगाम कोणता, हे विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात गेलो. ग्रानादाहून दिवसाला मोजक्या बस जातात. वळणं खूप आहेत, पोटाचा त्रास होणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. गावाचं नाव कापिलेरा. दरीच्या काठावर पांढऱ्या भिंतींची घरं एकमेकांना चिकटून उतरत गेलेली. बसमधून उतरल्यावर ताई थांबली.

"हे त धाब्याचे घरं होय," ती म्हणाली.

खरंच होती. सपाट छप्पर, खाली लाकडी दांड्या, वर दगडी फरशा आणि त्यावर दाबून बसवलेली राखाडी माती. पाणी गळू नये म्हणून हीच माती दरवर्षी नव्याने टाकतात, असं घरमालकीण कार्मेनबाईंनी सांगितलं. त्या सत्तरीच्या असतील, त्यांना इंग्रजीचे दहा शब्द येत आणि ताईला पाच. तरीही दोघींचं त्या छपरावर उभं राहून बराच वेळ चाललं होतं. खोली घेताना शेगडीचं लाकूड भाड्यात धरलंय का, एवढं विचारून घ्या. रात्री भिंती गारठतात.

सकाळी कार्मेनबाईंनी शिळ्या पावाचा चुरा लसूण घालून तेलात परतून दिला. ताईने घास घेतला आणि म्हणाली, "फोडणीची पोळीच झाली हे." तिने त्यावर जवसाची चटणी घालून खाल्ली. आम्ही दोन दिवस दरीतल्या पायवाटा तुडवल्या, उतारावरून वळवून आणलेले पाण्याचे पाट पाहिले. सुंदर होतं सगळं. पण ताई प्रत्येक जागी हेच म्हणायची, "हे संदीपले दाखवू."

रविवारी सकाळी तो आला. युसुफ नावाच्या मोरोक्कोच्या मित्राने गाडीने सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो खालच्या गावी नातेवाइकांकडे गेला. संदीप गाडीतून उतरला तेव्हा मी आधी त्याची पाठ पाहिली. माझ्या कामाची सवय. तो सरळ उभा राहिला तरी कमरेत थोडा पुढे झुकलेला होता. ताईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "केस पांढरे झाले रे तुये."

"प्लास्टिकखाली गरम होते," तो म्हणाला.

गावाच्या वर देवदारासारख्या झाडांमधून एक रस्ता चढतो. हिवाळ्यात तो वरपर्यंत वाहनांना बंद असतो, पण चालता येतं. बूट चांगले हवेत. दोनेक तास चढल्यावर झाडांच्या सावलीत बर्फ लागला. पहिल्यांदा मळका, मग पांढरा. संदीपने हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"सहा वर्षं रोज खालून पाहून राह्यलो मी हे," तो म्हणाला. "आज पह्यल्यांदा आलो."

"काहून? दूर थोडंच हाय."

"कोणासंग येऊ?"

आम्ही एका सुक्या दगडावर बसलो. ताईने डबा उघडला. ज्वारीची भाकरी तिने पहाटे कार्मेनबाईंच्या तव्यावर थापली होती, तिला चिरा गेल्या होत्या. संदीपने भाकरीवर जवसाची चटणी घेऊन मोठा घास घेतला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही हसलो. पाणी पिऊनही त्याचा ठसका थांबेना, तेव्हा ताईने हसू आवरलं.

"तिखट नाही चालत आता?"

"सवय गेली," तो म्हणाला, आणि भाकरी नुसतीच खाऊ लागला.

मी त्याला स्वेटर वर करायला लावून पाठीवरून बोटं फिरवली. कमरेच्या वर दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखं घट्ट झालं होतं. "इथं दुखतं?" "हाव." "इथं?" "तिथं त कळतच नाही." मी दाबत राहिले. त्याला दोन-तीन व्यायाम दाखवले. तो लहानपणी ऐकायचा तसं मान हलवत ऐकत होता. अशा पाठीला एका दिवसाने काही होत नाही, हे मी रोज लोकांना सांगते.

समोर खाली डोंगरांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची निळी पट्टी. "त्या मधल्या डोंगराच्या मांगं मी राहतो," त्याने बोट दाखवलं. "अठून दिसत नाही."

"उद्या येतो न आमी तुयी खोली पाहाले," ताई म्हणाली.

"नोको. दाखवण्यासारखी नाही ते."

"मी काय दाखवण्यासारखी खोली पाहाले आली काय?"

"नोको म्हटलं न ताई."

ताईने डबा बंद करून पिशवीत ठेवला. मग त्यानेच विचारलं, "मायले शेवटी लय त्रास झाला काय?"

मला वाटलं ताई नुसतं नाही म्हणून थांबेल. वाटेत आम्ही तसंच ठरवलं होतं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "त्रास नाही झाला तेवढा. पण तिले समजत नव्हतं. रोज सकाळी म्हणे, संद्याले उठवा, उशीर होऊन राह्यला. तिले वाटे तू मधातल्या खोलीत झोपेल हाय."

"मंग तुमी काय सांगत?"

"सांगत होतो, उठला म्हणून. वावरात गेला."

संदीपने मान खाली घातली. बर्फाचा एक गोळा हातात धरून तो दाबत बसला. हात लाल झाले तरी सोडेना. शेवटी ताईने त्याची बोटं उघडून तो काढून टाकला आणि त्याचे हात आपल्या शालीत घेतले.

"परत येतं काय रे?" तिने विचारलं. "कायमचा. पोट भरंन तेवढं हाय आपल्याजवळ."

"एवढे वर्षं काढले अठी. कागद होतील म्हणते वकील. आता सोडलं त हे सगळं पाण्यात." त्याने शालीतले हात काढून घेतले. "अन् माय त नाही आता घरी."

"आमी हावो न."

"हाव," तो म्हणाला. एवढंच.

उतरताना तो ताईचा हात धरून चालत होता. निसरडं नव्हतं तिथेही. युसुफ गाडी घेऊन उभाच होता. ताईने लाडू आणि वड्या संदीपच्या पिशवीत भरल्या, चटणीची बरणी मात्र हातात घेऊन क्षणभर विचार केला. तीही दिली. गाडी वळणाआड गेली. खालच्या वळणावर पुन्हा दिसेल म्हणून आम्ही उभ्या राहिलो, पण मध्ये घरं होती.

त्या रात्री गावात बर्फ पडला. सकाळी छपरं पांढरी होती आणि बस आली नाही. कार्मेनबाईंनी आम्हाला शेगडीजवळ बसवून चेस्टनट भाजून दिले. ताई खिडकीशी बसून होती. "हा दिवस कालच्या पुढं जोडून भेटला असता त त्याच्यासंग बसलो असतो," ती म्हणाली. संदीपला फोन केला तेव्हा तो शेडमध्ये होता, मागे पेट्या ओढण्याचा आवाज येत होता. "इकडं ऊन हाय," तो म्हणाला. "ठेवतो, ताई."

पुढचं सेविया शहर ठरल्याप्रमाणे केलं. खोली आधीच घेतलेली होती. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवरची झाडं संत्र्यांनी लगडलेली असतात आणि कुणी तोडत नाही. ताईने खाली पडलेलं एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि थुंकली. कडू. मुरंब्यासाठीच वापरतात, असं नंतर कळलं. मोठ्या चर्चच्या उंच मनोऱ्यावर पायऱ्यांऐवजी उतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही चढता येतो. नदीकाठ चालायला छान आहे. तिथे आम्ही काही दिवस होतो, बरंच पाहिलं. सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी जरूर करावा. दक्षिण स्पेन थंडीत कमी पैशांत होतो, लोक मायाळू आहेत, बसचं जाळं चांगलं आहे. फक्त तिथे आपलं कुणी असेल, तर आधी त्याला विचारा की त्याचा मोकळा महिना कोणता. आणि तो "कवाबी या" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.

परतल्यावर मी ताईला सोडायला इंझोरीला गेले. हरभऱ्याला घाटे धरले होते. भाऊजी तिला बांधावर घेऊन गेले, ती जरा वेळ उभी राहिली आणि घरात येऊन चुलीला लागली. संध्याकाळी शेजारच्या दोन बाया आल्या. ताईने त्यांना माद्रिदच्या विमानतळावरून आणलेलं चॉकलेट दिलं.

"मंग, काय काय पाह्यलं व तिकडं?" एकीने विचारलं.

"भाऊ पाह्यला," ताई म्हणाली.

"तो त पाह्यलाच असंन. अन् बाकी?"

ताईने आठवून पाहिलं. मग माझ्याकडे हात केला.

"बाकी हिच्या फोनमंधी हाय," ती म्हणाली, आणि चहा गाळायला उठली.