नवसाचा मलिदा आणि अहुवाचे धावणे

शुलामित चौलकर यांची व माझी ओळख इस्रायलमधील ओफाकिम गावी, ज्यू प्रार्थनालयामागील खोलीत भरणाऱ्या प्रौढांच्या मराठी वर्गात झाली. उतारवयात अक्षरे गिरवीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसत होतो. ही हकीकत त्यांनी मला तेथेच, थोडी थोडी करून सांगितली आणि लिहिण्यास परवानगी दिली.

शुलामितबाई १९६८ साली पती नेहेमिया आणि सात वर्षांची अहुवा यांना घेऊन मुंबईहून इस्रायलला आल्या. शुलामितबाईंना कापडाच्या कारखान्यात काम मिळाले. अहुवाला लहानपणापासून दमा होता, आणि नेगेव वाळवंटाच्या धुळीने तो वाढला. शुलामितबाईंचा थोरला भाऊ इझिकेल याच रोगाने गेला होता. रेवदंड्याच्या बंदरावर सुटता मचवा गाठण्यासाठी तो धावला आणि धक्क्यावरच कोसळला. त्या वेळी शुलामितबाई नऊ वर्षांच्या होत्या. धावणे म्हणजे मरण, हे तेव्हापासून त्यांच्या मनात पक्के बसले.

म्हणून त्यांनी अहुवाला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले. उडी नाही, दोरी नाही, मैदान नाही. केळे नाही, थंड पाणी नाही. शिवाय त्यांनी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला नवस बोलला, की सबंध हिवाळा मुलीला इस्पितळ दिसले नाही, तर मी मलिदा करीन.

१९७५ सालचा हिवाळा तसाच गेला. अहुवा चौदा वर्षांची होती. शुलामितबाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी पोहे भिजवले, गूळ आणि नारळ कालवला, ताटाभोवती फळे मांडली, शेजारपाजार बोलावला. प्रार्थना झाली. फळे वाटताना शेजारच्या राहेलमावशी म्हणाल्या, "शुलामितबाय, हन्नाबीनं तुझं ऐकलं गो."

अहुवा खजूर चघळत हिब्रूत म्हणाली, "ऐकलं असेल. पण धावले मी."

"काय म्हणते ही?" शुलामितबाईंनी विचारले.

"इमा, रागावू नको. मोरा हेदवा मला धावायला नेते. शाळेआधी, आठवड्यातून चार दिवस. सात महिने झाले. आधी नुसते चालायचो. मग थोडे धावणे, थोडे चालणे. आता मी मैदानाला सहा फेऱ्या मारते." इमा म्हणजे आई, आणि मोरा हेदवा म्हणजे शाळेतील व्यायामाच्या शिक्षिका.

राहेलमावशी हसल्या. "मग मलिदा त्या मास्तरणीला पाठवायचा होता. आम्ही फुकट खाल्ला." सगळे हसले. नेहेमियाही हसले.

शुलामितबाईंना ते हसणे सहन झाले नाही. आपले जपणे आणि आपला नवस, दोन्हींची चारचौघांत शोभा झाली असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात जाऊन, डॉक्टरांना धावण्याविषयी अवाक्षर न सांगता, 'मुलीस दमा आहे, व्यायामातून सूट द्यावी' अशी चिठ्ठी मिळवली आणि शाळेत नेऊन दिली.

अहुवा भांडली नाही. ती एवढेच म्हणाली, "तुला भीती वाटते, ते मला माहीत आहे. पण मला वाटत नव्हती."

पुढचे सहा महिने शाळेखेरीज ती घरीच बसली. पहिल्या दोन महिन्यांतच जिना चढताना तिला धाप लागू लागली. शुलामितबाईंना ते दिसत होते. परंतु मुलीच्या उद्धट बोलण्याने हन्नाबी रागावला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि दुसरा नवस बोलला. हिवाळ्याच्या तोंडी एका दुपारी अहुवाचे ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेने तिला बेर शेवाच्या इस्पितळात नेले.

एरवी डॉक्टरांचे बोलणे अहुवाच आईला मराठीत सांगत असे. त्या दिवशी तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. डॉक्टरीणबाईंनी शुलामितबाईंना सरळच विचारले, "गेल्या वर्षी ही बरी होती. मग काय बदलले?"

प्रश्न हिब्रूत होता आणि शुलामितबाईंना तो पूर्ण समजला होता. तरीही त्यांनी न समजल्यासारखी मान हलवली.

अहुवाने मुखवटा वर केला. "काही बदलले नाही," ती म्हणाली आणि मुखवटा पुन्हा लावला.

शुलामितबाई मला म्हणाल्या, मुलीने आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर त्या पचल्या असत्या. पण तिने आपल्यासाठी खोटे बोलावे, हे काही पचले नाही.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, आणि अहुवा प्रत्येक वाक्य मराठीत सांगू लागली. "ती म्हणते, व्यायामाने दमा नाहीसा होत नाही. औषध आणि पंप सोडायचा नाही. एकदम जोरात धावले तर श्वास अडकू शकतो. म्हणून आधी पंप घ्यायचा, अंग गरम करायचे, मग हळूहळू वाढवायचे. नेमाने केले की तेवढ्याच कामाला धाप कमी लागते. ती म्हणते, नुसते बसून राहिले तर शरीर आणखी दुबळे होते." एवढे सांगून ती थांबली. 'मी हे करत होते', असे ती डॉक्टरांना म्हणाली नाही, आणि आईकडे तिने पाहिलेही नाही.

शुलामितबाई उठल्या. आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले, "ती धावत होती. मी थांबवले." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि कागदावर ते लिहून घेतले. त्या रागावल्या नाहीत. शुलामितबाईंना वाटत होते की त्यांनी रागवावे.

अहुवा घरी आल्यावर, रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, कारखान्यात रजा टाकून शुलामितबाई शाळेत गेल्या. मैदानावर मुली रांगेत उभ्या होत्या. हेदवा शिट्टी हातात घेऊन फाटकाशी आल्या. त्या चिठ्ठीवरून दोघींची पूर्वी बोलाचाली झाली होती.

त्या म्हणाल्या, "चौलकरबाई, आता दुसरी चिठ्ठी आणली आहे काय?"

"नाही," शुलामितबाई म्हणाल्या. "पहिली रद्द करा. डॉक्टरांनी परवानगी दिली की माझ्या मुलीला पुन्हा धावायला न्या."